तेलविहिरीची शिस्त आणि गावची विहीर

चैत्र सरून वैशाख लागला, की वाशीम जिल्ह्यातील विहिरींचे तळ उघडे पडू लागतात. मालेगाव असो, मानोरा असो की रिसोड, पावसाळ्यापूर्वी विहिरीतील गाळ काढून घेण्याची आणि जमल्यास ती आणखी चार-सहा हात खोल नेण्याची घाई सर्वत्र सारखीच असते. काठावर यारी उभी राहते, उक्ते काम घेतलेली टोळी येते आणि पहिला मजूर दोराला धरून खाली उतरतो. त्याच्या आधी खाली काय उतरते? जुन्या वळणाचा शेतकरी असेल तर एखादा कंदील. नसेल तर काहीच नाही. याच राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, माणसाला एखाद्या बंद टाकीत उतरायचे असेल तर नियमाप्रमाणे आधी आतील हवा तपासावी लागते, ती तपासल्याचा लेखी परवाना घ्यावा लागतो आणि तो आत असेपर्यंत दुसऱ्या माणसाला केवळ पहाऱ्यासाठी बाहेर उभे राहावे लागते. दोन्हीकडे धोका एकाच जातीचा आहे. त्याला तोंड देण्याची तयारी मात्र इतकी भिन्न आहे, की ही दोन्ही माणसे एकाच देशाचे नागरिक आहेत यावर विश्वास बसू नये.

वाशीम जिल्ह्यात तेल नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेला आहे. सोयाबीन आणि तूर हा त्याचा आधार. तेव्हा तेलक्षेत्रातील विषारी वायूंच्या बंदोबस्ताशी या जिल्ह्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो जिवाचा आहे. तेलउद्योगाने शंभर वर्षांत अनेक माणसे गमावून जे ज्ञान मिळवले, ते आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्याचा लाभ ज्याला सर्वांत अधिक व्हायला हवा, त्या विहिरीतील आणि शौचटाकीतील मजुरापर्यंत मात्र ते अजून पोचलेले नाही.

वायूचा स्वभाव

तेलक्षेत्रातील कामगार ज्याला सर्वांत अधिक भितो तो वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसतो, तेव्हाच नाकाला तो कळतो. या वासावर विसंबणे हीच पहिली चूक होय. प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेले, की घ्राणेंद्रिय थोड्याच वेळात बधिर होते आणि वास येईनासा होतो. वायू गेला असे माणसाला वाटते, वस्तुतः तो वाढलेला असतो. ५०० ते ७०० भागांवर माणूस काही मिनिटांत कोसळतो. १००० भागांवर एक-दोन श्वासही पुरे होतात. हे प्रमाण टक्केवारीत मांडले तर अवघे एक दशांश टक्का भरते. शिवाय हा वायू हवेहून सुमारे १.२ पट जड असल्याने खड्डा, टाकी, विहीर अशा सखल जागी साचून राहतो.

तेलाच्या साठ्यात हा वायू दोन मार्गांनी येतो. काही खडकांत तो लक्षावधी वर्षांपासूनच असतो. वसईच्या समुद्रातील वायुक्षेत्रातून निघणाऱ्या वायूत तो आहे, म्हणूनच तो वायू नळाने हजिऱ्याला नेऊन प्रथम शुद्ध करावा लागतो. दुसरा मार्ग सूक्ष्मजंतूंचा. साठ्यातील दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खाली सोडले जाते. त्या पाण्यातील सल्फेटवर जगणारे जंतू प्राणवायूविना हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि वर्षानुवर्षे निर्दोष असलेली तेलविहीर हळूहळू विषारी होऊ लागते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की याच कुळातील जंतू शौचटाकीत, शेणाच्या रबडीच्या खड्ड्यात आणि पालापाचोळा कुजलेल्या पडक्या विहिरीत हेच काम करीत असतात. तेलक्षेत्राची आणि गावाची गाठ रसायनशास्त्राने केव्हाच मारून ठेवली आहे.

शहाणपणाची किंमत

तेलउद्योगाला ही सावधगिरी उपजत नव्हती. १९५० च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतील पोझा रिका येथे गंधक वेगळे करणाऱ्या कारखान्यातून हा वायू पहाटे सुमारे वीस मिनिटे सुटला. झोपेतील वस्तीतली २२ माणसे गेली आणि ३२० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. २३ डिसेंबर २००३ रोजी चीनमधील चोंगचिंगजवळ एका वायुविहिरीवरील ताबा सुटला आणि २४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य आसपासच्या खेड्यांतील शेतकरी होते. हायड्रोजन सल्फाइड पेटवला तर त्याचे तुलनेने कमी घातक अशा सल्फर डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. परंतु तेथे वायू वेळीच पेटवण्याचा निर्णय झाला नाही, आणि त्या दिरंगाईचे मोल गावांनी दिले.

श्रीमंत देशही याला अपवाद नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ओडेसा येथे तेलक्षेत्रातील एका पाणीउपसा केंद्रावर पंप पाहण्यास गेलेला कामगार या वायूने मरण पावला. तो परतला नाही म्हणून शोधत आलेली त्याची पत्नीही तेथेच कोसळली. चौकशीत असे दिसून आले, की त्याने वायूची सूचना देणारे खिशातील उपकरण घातलेले नव्हते आणि केंद्रातील धोक्याची यंत्रणाही काम करीत नव्हती. यंत्र असणे आणि ते चालू असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडील तेलउद्योगाच्या पाटीवरही डाग नाहीत असे नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर येथील फलाटावर जहाज आदळून वायुवाहिनी फुटली आणि आगीत २२ जणांचे प्राण गेले. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पातील आगीत चौघे मरण पावले. त्यांत आग विझवण्यासाठी धावलेले तीन जवान होते. परंतु अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, नियम बदलतात, निदान बदलण्याचा दबाव तरी येतो. १९८६ मध्ये तेलउद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले, २००८ मध्ये समुद्रातील कामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आले, आणि जमिनीवरील तेलक्षेत्रांसाठीचे १९८४ चे विनियम २०१७ मध्ये नव्याने लिहिले गेले. तेथील मृत्यूची नोंद होते आणि ती नोंद पुढच्या कामगाराच्या उपयोगी पडते.

शिस्त म्हणजे नेमके काय?

तेलक्षेत्रातील ही शिस्त समजून घेतली, तर तिच्यात अवघड असे फारसे काही नाही हे लक्षात येते. तिचा पाया असा, की धोका आधी गृहीत धरायचा आणि तो नाही हे सिद्ध झाल्यावरच पाऊल टाकायचे. वायू साचेल अशा जागी स्थिर शोधयंत्रे बसवलेली असतात; दहा लाखांत १० भागांच्या आसपास प्रमाण गेले की ती ओरडू लागतात. प्रत्येक कामगाराच्या छातीशी लहान उपकरण असते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंचावर लावलेली असते, कारण पळताना वाऱ्याला तोंड देऊन वा आडवे पळायचे आणि चढाकडे जायचे हे कामगाराला क्षणात ठरवता आले पाहिजे. एकट्याने काम करायचे नाही. बंद जागेत शिरण्यापूर्वी पंख्याने ताजी हवा खेळवायची. आत असताना हवा पुनःपुन्हा तपासायची, कारण गाळ ढवळला गेला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो आणि तोंडाशी घेतलेली पहिली तपासणी निरर्थक ठरते.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम वाचवणाऱ्यासाठी आहे. सोबती कोसळला तर पाठीवर स्वतंत्र हवेचे नळकांडे असल्याशिवाय कोणीही त्याच्याकडे धावायचे नाही. नाकाला बांधलेला रुमाल या वायूला अडवत नाही; आणि प्राणवायूच उरलेला नसेल तेथे गाळणीचा मुखवटाही निरुपयोगी असतो. हा नियम ऐकायला निर्दय वाटतो. परंतु तो पाळला जात नाही तेथे एकाचे पाच मृत्यू होतात.

एकामागून एक

९ एप्रिल २०२४ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी एक मांजर पडक्या विहिरीत पडले. त्या विहिरीत गोबरगॅसची रबडी साठवली जात असे. मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा, असे सहा जण उतरले. पाच जण मरण पावले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक तेवढा वाचला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, वाशीमपासून फार दूर नसलेल्या परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात शौचटाकी साफ करताना पाच मजुरांचा अंत झाला होता. अशा बातम्यांच्या तपशिलांत ‘वाचवण्यासाठी उतरलेला’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. या माणसांना मूर्ख म्हणणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय होईल. डोळ्यांदेखत भाऊ कोसळला असता काठावर उभे राहण्याची शिकवण ग्रामीण समाजाने कोणाला दिलेली नाही, आणि ती देऊही नये. द्यायची ती शिकवण अशी, की पहिला माणूस दोराविना उतरताच कामा नये, म्हणजे दुसऱ्याला उडी घेण्याची पाळीच येणार नाही.

कंदिलाचेही तसेच आहे. धान्याचे वा हळदीचे पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवायचे, दिवा खाली सोडून पाहायचा आणि तो विझला तर उतरायचे नाही, हे आपल्या पूर्वजांचे निरीक्षण खरे होते. पेवात दाणे प्राणवायू ओढून घेतात आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, म्हणून दिवा तेथे योग्य इशारा देतो. परंतु हायड्रोजन सल्फाइड अवघ्या एक दशांश टक्क्याने जीव घेतो आणि तेवढ्याने प्राणवायूत म्हणण्यासारखी घट होत नाही. दिवा शांतपणे तेवत राहतो आणि माणूस मरतो. पाणी उपसण्यासाठी विहिरीत उतरवलेल्या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडविषयीही हेच खरे. शौचटाकीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात तर मिथेन असतो. तेथे ज्योत सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. तात्पर्य, जुने शहाणपण एका धोक्यासाठी होते. धोके वाढले आणि शहाणपण तेथेच राहिले.

बाजार काय सांगतो?

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच असे मांडले होते, की अप्रिय आणि कष्टप्रद कामाला अधिक मजुरी मिळावी लागते, नाहीतर ते करायला कोणी येणार नाही. पुढील अर्थशास्त्रज्ञांनी हाच विचार धोक्याच्या कामाला लावला. या सिद्धान्तामागे दोन गृहीते आहेत: कामगाराला धोक्याची पुरेशी माहिती आहे आणि त्याच्यापुढे दुसरे काम निवडण्याचा मार्ग मोकळा आहे. तेलक्षेत्रातील कायम कामगाराच्या बाबतीत ही गृहीते बऱ्याच अंशी खरी ठरतात. त्याच्यामागे संघटना आहे, कायदा आहे. आणि त्याच्या मृत्यूने उत्पादन थांबते, म्हणून मालकालाही तो परवडत नाही.

वैशाखात विहिरीत उतरणाऱ्या मजुरापाशी यांपैकी काहीच नसते. रब्बीचे काम संपलेले, खरिपाचे सुरू व्हायचे. त्या दोन महिन्यांत मिळेल ते काम घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. काम उक्ते असल्याने जितके लवकर उरकेल तितका लाभ. हवा खेळवण्यासाठी थांबलेला अर्धा तास त्याच्याच मजुरीतून वजा होतो. शौचटाकीच्या कामात तर या दारिद्र्यावर जातीचेही ओझे असते. अशा स्थितीत धोक्याची किंमत मजुरीत उतरत नाही. ती विधवा आणि मुले यांच्याकडून, कित्येक वर्षांच्या हप्त्यांनी, वसूल होते.

कायद्याची वाटणीही अशीच विषम आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटार आणि शौचटाकी यांत माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. परंतु शेतातील विहीर या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेतील दोन लाखांचे साहाय्य खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. त्याच विहिरीत, त्याच वायूने, भूमिहीन मजूर मेला तर ही योजना त्याच्या घरी जात नाही. वायू सातबारा पाहून मारीत नाही. साहाय्य मात्र सातबारा पाहून मिळते.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा. तेलकंपनीला जे परवडते ते नापिकीने गांजलेल्या शेतकऱ्याला कसे परवडावे? एका शेतकऱ्याला ते परवडणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु वर्षातून एकदा लागणारे साधन प्रत्येकाने विकत घेण्याचे कारणही नाही. प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारे हातातील उपकरण काही दहा हजार रुपयांत मिळते. हिशेबापुरती त्याची किंमत ५० हजार धरली, तर एका मृत्यूच्या ३० लाखांच्या भरपाईत अशी ६० उपकरणे येतात, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याला दहा. त्यांच्या वेळोवेळी करावयाच्या तपासणीचा खर्च वेगळा धरला तरी मूळ निष्कर्ष बदलत नाही.

दुसरा आक्षेप असा, की साधने दिली तरी मजूर ती वापरणार नाहीत. ओडेसाच्या उदाहरणावरून हे खरे वाटेल. परंतु तेलक्षेत्राने यावर काढलेला तोडगा उपदेशाचा नाही. परवाना नसेल तर काम सुरूच होत नाही आणि झाले तर जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. सवय लागते ती या क्रमाने. आधी जबाबदारी, मग वर्तन.

जिल्ह्याला काय करता येईल?

वाशीम, कारंजा, रिसोड आणि मंगरूळपीर येथे नगर परिषदा आहेत, मालेगाव आणि मानोरा येथे नगर पंचायती आहेत. शौचटाक्या उपसण्याचे काम यंत्रानेच होईल आणि टाकीत माणूस उतरणार नाही, एवढी हमी या सहा संस्थांनी प्रथम द्यावी. ग्रामीण भागात शौचालय बांधताना दोन शोषखड्ड्यांची पद्धत आग्रहाने स्वीकारली, तर भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष बंद राहून त्यातील मैल्याचे कोरडे खत होते आणि विषारी टाकीचा प्रश्नच मुळातून सुटतो. धोक्याशी झुंजण्यापेक्षा तो निर्माणच न होऊ देणे केव्हाही स्वस्त पडते.

विहिरींसाठी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वायुमापक, हवा खेळवणारा पंखा व नळी, तिपाई, स्वतंत्र दोर आणि अंगाला बांधायचा पट्टा असा संच भाड्याने मिळण्याची सोय पंचायत समितीला करता येईल. विहीरकाम करणाऱ्या टोळ्या ठरलेल्या असतात; त्यांच्या मुकादमांना उन्हाळ्यापूर्वी एक दिवस शिकवणे मुळीच अशक्य नाही. रोजगार हमीतून या भागात विहिरी झाल्या. विहिरीसाठी सरकारी अनुदान देताना ती खोदणाऱ्याच्या सुरक्षेची अट त्यातच घालता आली असती, अजूनही घालता येईल. अपघात योजनेतून भूमिहीनाला वगळणारी रेघ पुसणे हे काम मात्र मुंबईतच व्हावे लागेल.

या कामी शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि ग्रामपंचायतीतील कर्मचारी यांचा वाटा लहान नाही. दिवा तेवत असला तरी विहीर निर्धोक नसते, वास थांबला म्हणजे वायू गेला असे नव्हे, आणि दोराविना कोणी उतरायचे नाही, ही तीन वाक्ये गावातील प्रत्येक मुलाला पाठ असली पाहिजेत. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हायड्रोजन सल्फाइड हा प्रयोगशाळेतील एक दुर्गंधी वायू म्हणून येतो. तो आपल्याच शिवारात राहतो, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते.

येत्या वैशाखात या जिल्ह्यात पुन्हा यारी उभी राहील. तेलविहिरीवरील कामगाराच्या बरोबरीने वेतन विहिरीतील मजुराला मिळण्यास कदाचित पिढ्या जातील. उतरण्यापूर्वी हवा तपासून मिळणे आणि कमरेला दोर असणे, एवढी बरोबरी त्याला याच वर्षी देता येण्याजोगी आहे.